गोधडीचं तोंड

पिंपरी,
ता. ९ डिसेंबर १९७४

प्रिय कस्तुरा हिस,

वहिनीचा सप्रेम जयभीम. तुझ्या सासूबाईंना आणि पाव्हण्यांना आमचा जयभीम सांग. इकडे थंडी फार आहे. तुझ्या दादांची फर्स्ट शिफ्ट चालू आहे. पहाटे कानाला मफलर गुंडाळून सायकल काढतात आणि रोज थंडीला शिव्या देतात. तुला सातवा सरत आला असेल, जड काही उचलू नकोस.

तुझं पत्र पोचलं. बाळाची गोधडी शिवून झाली, आता काठ कसा लावायचा ते आईला विचारून कळवा, असं लिहिलंस. आईला न विचारता मीच सांगते. माझं बाळ कोणासारखं दिसतं, हेही तू विचारलंस. ते पुढे लिहिते.

काठाला जुन्या लुगड्याची पट्टी घे. आधी धुऊन वाळव, नाहीतर पहिल्याच धुण्यात रंग सुटतो. कात्रीने कापू नको, हाताने फाड, म्हणजे सरळ फाटते. गोधडीच्या सुलट बाजूला कडेशी ठेवून धावदोरा घाल, मग उलट बाजूला वळव, कड आत दुमड आणि बारीक टाके घे. तुझे टाके म्हणजे वीतभर, म्हणून मुद्दाम बारीक लिहिलं. पट्टी ओढून धरू नको. मी पहिल्या वेळी ओढली, तर सगळी गोधडी पापडासारखी वर वळली आणि आईने मला पुन्हा उसवायला लावली. कोपऱ्यावर पट्टी तोडायची नाही, तिरपी घडी घालून वळायचं. जोड आला तर मधे येऊ दे, कोपऱ्यावर नको.

शेवटच्या कोपऱ्याशी चार बोटं जागा सोड. बाळाच्या गोधडीचं तोंड आपल्या घरात आधी मिटवत नाहीत, हे तुला ठाऊक आहेच. बाळ घरी येतं, त्यावर निजतं, मग आजी मिटवते.

आता तुझ्या रागाचं. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि मला न्यायला कुणी येत नाही, मी तुम्हाला जड झाले का, असं तू लिहिलंस. ते वाचून मी चुलीपुढे बसून रडले. तुझे दादा म्हणाले, पोटुशी बाईला असलं काही कळवायचं नाही, आपण काहीतरी कारण सांगू. पण कारणं सांगत बसलो तर तू माहेराला मुकशील, ते मला नको.

कस्तुरा, बाळ जन्मलं ते रडलंच नाही. मुलगी होती. कोणासारखी विचारतेस ना, तर तुझ्यासारखी. तसेच दाट केस, तशीच रुंद जिवणी. मला थोडा वेळ हातात दिली होती.

आई दवाखान्याच्या व्हरांड्यात बसली होती. घरी नेताना गुंडाळायला म्हणून गोधडी संगती आणलेली. आत मला फार उशीर लागला. आईच्या हाताला स्वस्थ बसवेना, आणि सुई तर तिच्या पदराला टोचलेलीच असते. बसल्या बसल्या तिने काठाचं तोंड मिटवून टाकलं. तिला कळलंसुद्धा नाही. दोरा दाताने तोडला तेवढ्यात नर्स बाहेर आली.

नाळ गळ्याला अडकली होती, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तुझ्या दादांनी आईला दहादा समजावलं, की हे शकुन-अपशकुन आपण सोडून दिलेत. आई नुसती ऐकून घेते. कस्तुरा, जिने घरातले देव टोपल्यात भरून स्वतः नदीत सोडले, तेव्हा जिचा हात थरथरला नाही, ती आता सुईला भिते. पोटभर जेवत नाही. मी जवळ गेले की उठून जाते. तुला आणायचा विषय काढला तर म्हणाली, "लेकीचं बाळंतपण ह्या घरात नको. माझा हात वाईट हाय."

मला राग आला. खोटं कशाला सांगू, दुःख माझं होतं आणि मला ते नीट करूही मिळेना. मूल माझं गेलं आणि समजूत मी हिची काढायची? पण मग वाटलं, माझ्याशिवाय कोण काढणार? दुसऱ्या कुणी माफ केलं तर तिला ते पटणार नाही.

म्हणून काल दुपारी ती गोधडी पेटीतून काढली, तिच्यासमोर बसले आणि काठाचं तोंड उसवायला घेतलं. टाका सापडेना, म्हणून दोरा ओढू लागले. आई बघत राहिली. मग म्हणाली, "वढू नको, कापड फाटंल." जवळ सरकली आणि नखाने एकेक टाका सोडवू लागली. सगळे सुटल्यावर मी म्हटलं, "आई, माझी लेक तुमच्या हातानं गेली न्हाई. ती आलीच न्हाई." तेव्हा ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मीही त्या दिवसानंतर पहिल्यांदा मोकळी रडले.

ही गोधडी मी तशीच ठेवणार आहे, उघडी. ती तुला देणार नाही, रागावू नकोस. तुझी तुझ्या बाळाला.

तुझे दादा येत्या गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, तुला न्यायला येत आहेत. पाव्हण्यांची परवानगी घेऊन ठेव. गोधडी संगती आण, तोंड मिटवू नको. भीती वाटली तर मला सांग, आईला सांगू नको. मला माझ्या घरात एक बाळ रडलेलं ऐकायचं आहे.

पत्र संपवताना नेहमीसारखं आईला विचारलं, तुमचं काय लिहू? तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मग म्हणाली, "दोरा तिकडनं आणू नको म्हणावं. मी आणून ठिवते."

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझ्या भाचीची आई,
प्रभावती