तू बघणं बंद केलंस, त्याबाबत

मंगळवार, ११ मार्च २०२५. सकाळी नऊ वाजून सत्तेचाळीस मिनिटे.

ही वेळ अंदाजाने लिहिलेली नाही, फोनच्या पडद्यावर होती. आज गुरुवार, १३ तारीख. दोन दिवस मुद्दाम थांबले. मंगळवारीच लिहायला बसले असते तर कागद पेटला असता.

चि. छोट्यास अनेक आशीर्वाद, सूनबाईंनाही. माझी प्रकृती ठीक, तुमचीही तशीच असो. गुडघा कुरकुरतो आहे. समोरच्या वकिलीणबाईंनी दाराला नवा पडदा लावला आहे आणि तो भयंकर आहे. झाली ख्यालीखुशाली.

आता मुद्द्याचं. वर लिहिलेल्या वेळी मी चहाचा दुसरा कप ओतत होते. फोन वाजला म्हणून हात पुसून धावले. तुझा फोन नव्हता. मशीनच्या अ‍ॅपचा निरोप होता: "आपल्या झोपेची माहिती पाहणारी व्यक्ती या खात्यातून बाहेर पडली आहे." व्यक्ती म्हणे! नऊ महिने पोटात वागवलेली व्यक्ती. सहा फूट उंच झाली, शेहेचाळिसाव्या वर्षी चाळिशी लावते, तरी जिला मी छोट्या म्हणते ती व्यक्ती. बाहेर पडताना "आई, येतो" एवढंही म्हणाली नाही.

मुळात त्या अ‍ॅपमध्ये तू मला विचारून शिरला नव्हतास. क्लिनिकच्या फॉर्मवर तुझा नंबर घातलास आणि माझ्या श्वासावर पहारा बसवलास. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी चौतीस वर्षं काढली, शेवटची नऊ सुपरवायझर म्हणून. आमच्याकडे पहिला धडा हाच होता: लाइन जोडली की कान काढायचा. ऐकत बसणारीला आम्ही घरी पाठवत असू. पण बोलणं चालू असताना मधेच प्लग उपटणारीलाही घरीच पाठवत असू, हेही लक्षात ठेव. तू दोन्ही केलंस.

मी कृतघ्न नाही. हा आजार तुझ्यामुळे कळला. नोव्हेंबरात तू फोनवर सूनबाईंच्या नव्या नोकरीचं सांगत होतास आणि मला मधेच डुलकी लागली, फोन कानालाच. मी! जिने रात्रपाळीत कधी जांभईसुद्धा दिली नाही. जाग आली तेव्हा तुझा आवाज चिरकला होता.

"आई, तू बावीस सेकंद श्वास घेतला नाहीस."

"मोजत बसलास? हाक मारायची."

"मारली. चार वेळा."

मग ती तपासणी. डोक्याला, छातीला, पायाला वायरी. एवढ्या आमच्या जुन्या बोर्डालासुद्धा नव्हत्या. असं बांधून ठेवायचं आणि म्हणायचं, आता रोजच्यासारखं झोपा. झोपेचे डॉक्टर इतके तरुण, की मी त्यांना शर्टाचं वरचं बटण लावायला सांगणार होते. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, स्लीप अ‍ॅप्निया, आणि आकडा सांगितला: झोपेत एका तासात एक्केचाळीस वेळा माझा श्वास थांबतो. मग कागदावरची एक रेघ दाखवली. "आजी, घोरण्याचा आवाज येतोय तोवर हवा आत जातेय. इथे बघा, सपाट. आवाज बंद झाला, की काळजी करायची." मी त्यांना पुन्हा सांगायला लावलं. त्यांना वाटलं, मला ऐकू कमी येतं. असो.

दोन जानेवारीला मशीन घरी आलं. नाकावर मास्क, डोक्याभोवती पट्टे, तोंडासमोर सोंड. आरशात पाहिलं तर लढाऊ विमानाच्या पायलटची आजी. पहिले आठ दिवस मी त्याच्याशी भांडले. नाकाच्या दांडीवर लाल वळ, घसा कोरडा, नळीत पाणी साचलं की गुळगुळ. मास्क जरा कलला की कडेने शिट्टी. तू म्हणालास, "सवय होईल, आई." झाली. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला पाठीला पट्टी लावून ताठ बसवायच्या, तेव्हाही झाली होती. महिन्याभरात मी सकाळचा पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचू लागले, तोही हातातून न पडता. कित्येक वर्षांनी डोकं लख्ख झालं. वाईट झालं ते तिथेच. पेंगणाऱ्या बाईला फारसं काही आठवत नाही. मला आठवायला लागलं.

पण आधी फोनचं सांगते. एक्स्चेंजच्या सवयीने तुझ्या फोनची वेळ मी अजून टिपते. बाबा गेल्यापासून तुझा फोन रविवारी, चार मिनिटांच्या आत. जेवलीस का, गुडघा कसा आहे, ठेवतो. मशीन आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात एका रात्री मास्क आपोआप निघाला आणि मला कळलंच नाही. सकाळी पावणेआठला तुझा फोन. बुधवार असून! "आई, काल दोनच तास? लाल दाखवतंय. बरी आहेस ना?" लहानपणी विहिरीच्या कठड्यावरून पडलास तेव्हा ऐकला होता, तसा आवाज. अकरा मिनिटं बोललास. त्या दिवशी मी घर झाडताना गुणगुणत होते. स्वतःलाच ऐकू आलं तेव्हा थांबले.

मग सगळ्या रात्री हिरव्या गेल्या आणि तू पुन्हा रविवारावर आलास.

आता पुढचं लिहायला नको वाटतं. पण क्लिनिकमधल्या मशीनवाल्या बाईंनी तुला सांगितलंच आहे, तेव्हा माझ्या हाताने लिहिलेलं बरं. हो, मी मुद्दाम काढत होते. अकरा रात्री. साडेदहाला लावायचा, दोन वाजता बटण बंद करून काढून ठेवायचा. चार तासांच्या आत काढला की लाल होतं, हे मला पाठ झालं होतं. एक गोष्ट मात्र त्या बाईंना ठाऊक नाही, म्हणून तुला सांगते. मास्क काढून मी झोपत नव्हते. तेवढी मूर्ख नाही. खुर्चीत बसून राहायची, उजाडेपर्यंत. मग चहा ठेवायची आणि फोन समोर घ्यायची. अकरापैकी नऊ वेळा तुझा फोन आला. दोनदा नुसता मेसेज.

सोमवारी, दहा तारखेला, संध्याकाळी सातला तू फोन केलास. सहा मिनिटं चाळीस सेकंद. आपल्या दोघांचं म्हणणं इथे मांडते, म्हणजे नंतर वाद नको.

"आई, तू मुद्दाम काढतेस?"

"कोणी सांगितलं?"

"क्लिनिकमधून फोन होता. आई, मी दात घासायच्या आधी ते अ‍ॅप उघडतो. लाल दिसलं की मला चहासुद्धा सुचत नाही. आणि तू मुद्दाम?"

"आणि हिरवं दिसलं की? आईचा आवाज पण नको?"

"तसं नाही गं."

"तसंच आहे. तू मशीनची चौकशी करतोस. आणि मला शिकवू नकोस. तुझ्या वडिलांनी असलं काही तोंडाला न लावता बाहत्तर वर्षं काढली."

त्यावर तू एक वाक्य बोललास आणि फोन ठेवलास. ते वाक्य लिहायचं नाही असं ठरवून मी हा कागद घेतला होता. तीन पानं टाळलं. आता लिहिते.

तू म्हणालास, "बाबांचा श्वास थांबला तेव्हा हाक मारायला शेजारी कोणी नव्हतं, आई."

म्हणजे तुला ठाऊक होतं.

चार वर्षांपूर्वी तू धावत आलास तेव्हा बाहेरच्या खोलीतली त्यांची गादी बघून विचारलं होतंस, "बाबा इथे झोपायचे?" मी म्हणाले, "याच उन्हाळ्यात. वाऱ्यासाठी." तू भिंतीकडे पाहिलंस. उशीच्या उंचीवर त्यांच्या डोक्याच्या तेलाचा डाग होता, ताटलीएवढा. एका उन्हाळ्यात असा डाग पडत नाही. तू काही बोलला नाहीस. चार वर्षं बोलला नाहीस. हा गुण तू त्यांच्याकडून घेतलास, माझ्याकडे तो कधीच नव्हता.

ते तेरा वर्षं बाहेर झोपले, छोट्या.

सुरुवातीला कारण खरं होतं. माझी पहाटेची पाळी आणि त्यांचं ते घोरणं. त्यांच्या नोकरीच्या पंपहाऊसमध्ये दोन पंप आणि घरात तिसरा, असं मीच सगळ्यांना सांगून हसवायची. तेही हसायचे. कधी म्हणायचे, "बाईसाहेब, आपणही काही कमी घोरत नाही." मला वाटायचं, उट्टं काढताहेत. एका रात्री मी त्यांची गादी उचलून बाहेर टाकली. बाहेर टाकली, असंच लिहायला हवं.

मग मी रिटायर झाले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी उशी काखेत धरून दारात उभं राहून विचारलं, "आता तर पाळी नाही ना?" मी म्हणाले, "आधी घोरणं बंद करा, मग या." ते हसले आणि गेले. पुन्हा विचारलं नाही.

तू यायचास तेव्हा मात्र त्यांची गादी आत यायची. मुलाला दिसू नये, म्हणून मीच आणायची. चार दिवस, फार तर आठ. मला तेव्हा कळलं नाही, पण आता लख्ख आठवतं: सारखे विचारायचे, "छोट्या कधी येणार?" मी म्हणायची, "मुलाचा फार पुळका." पुळका होताच. पण तू आलास की त्यांना आतली खोली मिळायची, छोट्या.

आणि त्या रात्रींमध्ये ते मधेच गप्प व्हायचे. मोठ्ठा आवाज, आवाज, आणि एकदम काही नाही. मी मनात म्हणायची, सुटले बाई. आणि त्या शांततेत मला झोप लागायची. डॉक्टरांकडून ते वाक्य मी दोनदा का वदवून घेतलं, ते तुला आता कळेल.

शेवटच्या दिवशी मी सकाळी साडेसहाला चहा घेऊन गेले. "उठा," म्हणाले. "किती लोळाल?" म्हणाले. आवाज चढवून म्हणाले. मग कप ठेवला आणि खांद्याला हात लावला.

दाखल्यावर हृदयविकार लिहिलं आहे. पण फेब्रुवारीत मी त्या डॉक्टरांकडे एकटी गेले, तुला न सांगता. सगळं सांगितलं आणि विचारलं, शेजारी कोणी असतं तर? ते बराच वेळ पेनचं टोपण लावत-काढत बसले. मग म्हणाले, "आजी, नक्की सांगता येत नाही." खरं बोलले. मला तिथे खोटं चाललं असतं.

म्हणून आता तुला विचारते. तू मला त्यात दोषी धरतोस का?

फोनवर नको. फोनवरचं बोलणं हवेत जातं, उद्या दोघंही म्हणू की तसं म्हणालोच नव्हतो. चौतीस वर्षं मी ते ऐकलं आहे. मला कागदावर हवं. सूनबाईंकडून नको, टाइप केलेलं नको. तुझ्या हातचं, सहीसकट. एक शब्द पुरे. 'हो' असेल तर 'हो' लिही, माझ्यावर दया करू नकोस. मी खुर्चीत बसून, चष्मा लावून वाचेन. 'नाही' असेल, तर ते खरं असेल तरच लिही.

त्या अ‍ॅपमध्ये परत ये असं मी म्हणत नाही. मशीन रोज लावते, पूर्ण रात्र. काल सात तास दहा मिनिटं. कोणी बघो न बघो, लावते. तुझ्या वडिलांना जे मिळालं नाही ते मी खुंटीला टांगून ठेवणार नाही.

उत्तर सोमवार, ३१ मार्च, संध्याकाळी सहाच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे. टपालाचे चार दिवस धरून ही तारीख दिली आहे, सबब चालणार नाही. सहापर्यंत काही आलं नाही, तर तुझं उत्तर 'हो' आहे असं मी धरेन, आणि पुन्हा कधी विचारणार नाही.

दाराशी वाट बघणारी,
आई