खंडेनवमी आणि सोडियमची बाटली

कै. अनंत रामचंद्र रांजणीकर सर,

आपणांस जाऊन नऊ वर्षे झाली. जालन्याच्या आपल्या हायस्कुलातून माझी परभणीस बदली झाली असून आज प्रयोगशाळेचा ताबा द्यावयाचा आहे. त्यापूर्वी सारी कपाटे तपासली. सोडियम व पोटॅशियम यांच्या बाटल्या आपण ठरविलेल्या जागीच, खालच्या फळीवर, नळापासून सर्वांत दूर आहेत. रॉकेल धातूच्या वर दोन बोटे आहे. शेजारच्या घमेल्यातील वाळू कोरडी आहे. पत्नी गेल्या पौषात वारली. हे आपणांस कळविण्याचे कारण पुढे येईल.

आपला पहिला पाठ मला अजून दिसतो. आपण चिमट्याने सोडियमचा खडा बाहेर काढता, टिपकागदावर टिपता, कोरड्या सुरीने लोण्यासारखा कापता. आतली चांदीसारखी चकाकी मागच्या बाकापर्यंत पोहोचण्याआधीच काळवंडते. "हवासुद्धा सोसत नाही त्याला," आपण म्हणता, "आणि पाणी लागलं तर पेटतो." पोटॅशियमवर पिवळा पापुद्रा धरला तर सुरी मुळीच लावू नये, बाटली न हलविता आपणांस कळवावे, अशी मला ताकीद होती. मी तेव्हा नुकताच पदवी घेऊन आलेला साहाय्यक शिक्षक होतो. आपल्या प्रत्येक सूचनेची मी वहीत नोंद करीत असे.

खंडेनवमीस प्रयोगशाळेतील सारी उपकरणे धुऊन, पुसून, हळदकुंकू लावून टेबलावर मांडण्याची आपली प्रथा होती. तराजू, चंचुपात्रे, होकायंत्रे यांच्यावर झेंडूची फुले वाहिली जात. त्या वर्षी शिपाई नवा होता. बाटल्यांवरील चिठ्ठ्या अजून जुन्या राजवटीतल्या, उर्दूत होत्या आणि त्याला कोणतीच लिपी येत नव्हती. आदल्या दुपारी आपण मला म्हणालात, "उद्या मी दहाला येईन. खालच्या फळीला हात लावायचा नाही, एवढं त्याला आजच सांगून ठेवा. आणि सकाळी तुम्ही स्वतः उभे राहा."

मी सांगितले नाही. सकाळीच सांगू, असे मनाशी ठरविले. लग्नानंतरचा तो पहिला दसरा होता, पत्नी घनसावंगीस माहेरी होती, आणि तिकडची मोटार साडेसातलाच सुटते हे मला रात्री कळले. मी शाळेत न जाता मोटारीत बसलो.

दसऱ्यानंतर परतलो तेव्हा शिपाई आपल्या खोलीत, आपल्यासमोर उभा होता. डाव्या हाताला कोपरापर्यंत फडके गुंडाळलेले. बाटलीतले रॉकेल मळकट दिसले म्हणून त्याने ते ओतून दिले होते, खडे परातीत काढले होते आणि बाटली नळाखाली धरली होती. तळाशी एक तुकडा राहिला होता. आपण वेळेवर पोहोचलात, परातीतले खडे चिमट्याने उचलून पुन्हा रॉकेलात टाकलेत, म्हणून तेवढ्यावर निभावले.

आपण मला विचारले, "याला सांगितलं होतं ना?"

मी काही बोलण्यापूर्वी तोच म्हणाला, "साहेब, तुमीच सांगा. बोलल्ते का तुमी मला?"

"आदल्या संध्याकाळी सांगितले होते," मी म्हणालो.

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग आपल्याकडे वळून म्हणाला, "बराबर हाय सर. बोलले असतील. शिकलेला मानूस खोटं कशाला बोलंल? माझेच कान फुटल्ते."

"मग ज्याला ऐकू येत नाही त्याने घंटा वाजवावी," आपण म्हणालात. त्याला प्रयोगशाळेतून काढून घंटेवर नेमले, आणि त्याच आठवड्यात प्रयोगशाळा माझ्याकडे सोपविलीत, मी जबाबदार आहे म्हणून. त्याची दोन बोटे पुढे सरळ झाली नाहीत. तो उजव्या हाताने घंटा वाजवी. रोज आठ तासिकांची घंटा मी ऐकत असे.

ही गोष्ट मी केवळ पत्नीस सांगितली होती. ती दर दसऱ्याला विचारी, "सरांना सांगितलं का हो?" आपण वारल्यावरही तिने विचारले. सर आता नाहीत, असे मी म्हणालो, तर म्हणाली, "मंग गेलेल्या मानसालाच सांगा. त्यांना आता कुठं जायची जल्दी न्हाई. तुमच्यासारखी मोटार थोडीच पकडायचीय?" मी तिच्यावर रागावलो. तिने त्यानंतर विचारणे सोडले.

अपघातांच्या नोंदवहीत आपल्या अक्षरात लिहिलेले आहे : 'शिपायाने तोंडी सूचनेकडे दुर्लक्ष केले.' त्याखाली मी आज लिहिले, 'सूचना दिली गेली नव्हती. ती देण्याचे काम माझे होते.' सही केली. ही वही कोणी उघडत नाही, हेही मला ठाऊक आहे.

शिपाई हयात आहे. परतूरला मुलाकडे असतो. जालन्याहून गाडीने फार वेळ लागत नाही, आणि परभणीस जाताना परतूर वाटेतच लागते. तेथे उतरण्याचे मी ठरविलेले नाही. आपणांस लिहिणे सोपे गेले, कारण आपण माझ्याकडे त्याने पाहिले तसे पाहणार नाही.

नव्या शिक्षकांना खालची फळी दाखविली, सूचना दोनदा सांगितली व त्यांच्याकडून वदवून घेतली. आताच्या शिपायालाही समोर बोलावून सांगितली. चार वाजून वीस मिनिटांनी दार बंद करून कुलूप लावले. किल्ल्या मुख्याध्यापकांकडे परत केल्या.