उजव्या कानाशी हाक

३ नोव्हेंबर

आले एकदाची काशीला! संकठा घाटाजवळची खोली लहान आहे, पण खिडकीत गंगा आणि खालून कचौडीचा वास. जनावरांच्या दवाखान्यात नर्सिंग शिकणाऱ्या दोघांना हाताखाली घेऊन तयार करायचं आणि शेवटी त्यांच्या कामावर सही करायची, ही माझी नोकरी. बकुळ शांत, देवव्रत बडबड्या. दोघंही इथल्याच मराठी घरांतली. देवव्रतानं लगेच सांगून टाकलं, शरदिनीताई, तुमची मराठी एकदम किताबी आहे. पित्ताशयाचं दुखणं मात्र नागपूरहून सोबत आलंय. याच महिन्यात ऑपरेशन करून घ्या म्हणतात.

८ नोव्हेंबर

आज भूल उतरण्याचा धडा. माझा एकच हट्ट: शुद्धीवर येणाऱ्या जनावराला एकटं सोडायचं नाही. टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली पोटाशी, एक हात छातीवर, आणि कानाशी नावानं हाक. घाबरलेला जीव हाकेला धरून वर येतो. देवव्रतानं विचारलं, गली के कुत्ते को कौन-सा नाम? मी म्हटलं, ठेवा कोणतंही. बकुळ वाकली, कुत्रीच्या उजव्या कानात काही बोलली. कुत्री न थरथरता, न विव्हळता जागी झाली. असं मी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

१४ नोव्हेंबर

गुपित कळलं. बकुळ सगळ्यांना एकच नाव ठेवते, सुमंत. बिल्ली हो या कुतिया, असं म्हणत देवव्रत हसला. ती हसली नाही. सुमंत तिचा भाऊ, गेल्या वर्षी गंगेत बुडाला. डाव्या हातानं जेवायचा म्हणून आईची रोज बोलणी खायचा. सांगताना ती बाटलीचं झाकण नुसतं फिरवत राहिली. मला भरून आलं. म्हटलं, घे तेच नाव.

१९ नोव्हेंबर

ऑपरेशन झालेली कुत्री पिंजऱ्यातून नाहीशी होताहेत. सापडतात मंगला गौरी मोहल्ल्यात, बकुळच्या दारात. त्यांनी ते घर कधी पाहिलेलं नाही.

आज तिची आई नंदाबाई सांगायला आल्या. प्रत्येक कुत्रं डाव्याच पंजानं दार खरवडतं, थेट सुमंतच्या जेवणाच्या जागी जाऊन बसतं, खात नाही, नुसतं त्यांच्याकडे पाहतं. आणि मरतं. काशीत मरणाऱ्याच्या उजव्या कानात मंत्र सांगून विश्वेश्वर जिवाला सोडवतो. आणि तुम्ही पोरांना गेलेला जीव परत बोलवायला शिकवता? यापुढे दार उघडणार नाही, म्हणाल्या. पदर तोंडात कोंबून रडत होत्या.

२१ नोव्हेंबर

बकुळला बजावलं, पुन्हा ते नाव घेतलंस तर सही मिळणार नाही. ती बाटल्या धूत राहिली. म्हणाली, कुत्र्यांपाशी नाही घेणार, ताई. त्यांना बोलता कुठं येतं? त्याला काय सांगायचंय ते कळतच नाही.

मग माझ्या ऑपरेशनची तारीख विचारली. मी सांगितली नाही.

२४ नोव्हेंबर

हॉस्पिटलात. सोबतीला देवव्रत यायचा होता, त्याला ताप. त्याच्या जागी बकुळ बसली आहे. टॉवेल आणलाय. बाटली आणलीये.

सिस्टरना म्हटलं, शुद्धीवर येताना हिला जवळ येऊ देऊ नका. त्या हसल्या. इतनी प्यारी बच्ची है, म्हणाल्या. दुसऱ्या कुणाला फोन करावा तर— स्ट्रेचर आलं—

२५

पोटाशी ऊब. छातीवर हात. उजव्या कानाशी हाक—

माझं नाव नव्हतं.

मी ओ दिली.

तारीख—

तोंडात वाळू. थुंकली तरी संपत नाही. पेन डाव्या हातात— अक्षर वाकडं, पण उमटतंय—

हॉस्पिटलातून कशी निघाले, आठवत नाही. टाके ओले. गल्ल्या पायांना पाठ. मंगला गौरी. हीच पायरी.

आतून कडी. नंदाबाई दाराला पाठ लावून रडताहेत. वर खिडकीत बकुळ.

मी शरदिनी. शरदिनी— कुणीतरी त्या नावानं हाक मारा, कुणीतरी—

हात दार खरवडतोय. डावा.

आई, दार