तीस सेकंदांत माझा बिझनेस

३ ऑक्टोबर, सकाळी ७
सेठच्या खताच्या दुकानातली नोकरी सोडून आठ दिवस. निघताना सगळ्यांसमोर त्याला सुनावलं, आता भेटू ते कॉम्पिटिटर म्हणून. नवापूरच्या पोल्ट्रीतून आणलेल्या शंभर गोण्या अंगणात पडल्यात. बायकोचा, म्हणजे रूपालीचा, दम: दहा तारखेपर्यंत उठल्या नाहीत तर सेठचे पाय धरायला जा.
उठतील. व्हिडिओत सांगितलंय, बिझनेस तीस सेकंदांत सांगता आला पाहिजे. माझं वाक्य तयार आहे: 'आम्ही केळी उत्पादकांना इंटिग्रेटेड ऑरगॅनिक न्यूट्रिशन सोल्यूशन देतो.' 'कोंबडी' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. लेव्हल जाते.

४ ऑक्टोबर
आमच्या कोरीट गावातच ट्रायल. शेजारच्या बेबीबाईंना सोल्यूशन समजावलं. नाकाला पदर लावून म्हणाल्या, "ते समदं ऱ्हाऊ दे, हाऊ वास कव्हय जाई?"
वास कधी जाणार म्हणे! जळतात मेले.

६ ऑक्टोबर
ब्राह्मणपुरी. भाईदासकाका, केळीचे मोठे बागायतदार. बावीस मिनिटं बोललो. मातीची भूक, जिवाणू, माझं व्हिजन. मध्येच विचारतात, "पन भाऊ, तू इकस काय?" काय विकतो म्हणे! पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. म्हणाले, लोन नको.
ठार अडाणी. एवढी केळी पिकवतो कशी कोण जाणे.

७ ऑक्टोबर
वाक्य छोटं करायला बसलो. तीन शब्द वाढले. रूपाली म्हणाली, सरळ कोंबडीखत म्हणा ना. तिच्याशी दिवसभर अबोला. तिला फरक पडलेला दिसला नाही.

८ ऑक्टोबर
सेठचा फोन. मुद्दाम उचलला नाही. परत आला, तेव्हा पहिल्या रिंगला उचलला. चुकून लागला होता म्हणे.

९ ऑक्टोबर
रूपाली म्हणाली, मी येते. म्हटलं ये, शीक काहीतरी. भाईदासकाकांच्या बांधावर मी घसा साफ करत होतो, तेवढ्यात ती: "काका, कोंबडीनं खत शे, केळीले. कितल्या गोण्या टाकू?"
शंभरच्या शंभर. वर आणखी शंभर नवापूरहून.
सहा तारखेला वातावरण मीच तयार केलं होतं. हे तिला कोण सांगणार?

१० ऑक्टोबर
गोण्या पोचवल्या. पिकअप मी चालवली. काकांच्या बायको प्रमिलाबाई बाहेर आल्या, माझ्याकडे बघून विचारलं, "हाऊ कोन शे?" मी 'फाउंडर' म्हणायला तोंड उघडलं. काका म्हणाले, "गाडीवाला शे."
रूपालीनं ऐकलं. गोण्या मोजत राहिली. हसली असती तरी चाललं असतं. फार लागलं.
तिला ओट्यावर खुर्ची दिली. माझा चहा गाडीत आला.