पोट दिसलं ते इंजेक्शनानं

गोंदिया, सोमवार

भाग्यश्रीच्या आजोबांना तिच्या आजीचा नमस्कार.

मी सांगून राहिले, नातजावई भूपेंद्र लिहून राहिला. त्याच्या अक्षराला हसू नका, तुमचंही काही मोत्याचं नाही.

‘भाग्यश्रीचं पोट दिसून राहिलं’ एवढं फोनवर ऐकलं आणि तुम्ही चिचगडभर गूळ वाटला! पुढचं ऐकायला काऊन थांबले नाही? पोरीला दिवस गेलेले नाहीत. मूल व्हावं म्हणून स्त्रीबीज वाढायची इंजेक्शनं दिली, त्यानं पोटात पाणी भरलं. डॉक्टरीणबाई म्हणते, असं कोणाकोणाला होते, बहुतेकींचं उतरते.

काळजी करू नका. दवाखान्यात ठेवलं आहे, पण पलंग खिडकीजवळचा मिळाला. ती बसूनच झोपते, आडवी झाली की दम लागते. नर्स लघवी मापून नेते, पोटाला टेप लावते. मी म्हटलं, “बाई, ब्लाउज शिवतेस का वं?” भाग्यश्री हसली, आणि हसता हसता तिला धाप लागली. तेव्हापासून मी तिला हसवत नाही.

धान कापून झालं का? तुम्ही घरी रांधता, की शेजारच्या चमेलीच्या दारी ताट घेऊन बसता?

नागऱ्याच्या महादेवाला पणतू मागितला असेल, तर जाऊन सांगा, आत्ता नको. आधी आमची नात दे म्हणा. भूपेंद्र लिहायचा थांबला होता. मीच म्हटलं, लिही.

तुम्ही जिला नुसतं ‘अवं’ म्हणता, ती