तिसऱ्या हाकेला ओ

कळंब, माघ वद्य पंचमी, सन १९३४

प्रिय वेणू,

कशी आहेस असं विचारत नाही. मागच्या दोन पत्रांत विचारलं, तू उत्तर दिलं नाहीस. रागावले होते, माझा स्वभाव तुला ठाऊकच आहे. पण परवा कर्जतच्या बाजारात तुझे दीर भेटले. म्हणाले, गजा गेल्यापासून वहिनी कुणाशीच बोलत नाहीत, तुमची पत्रं मात्र उशाशी घेऊन निजतात. मग राग कुठला राहतोय.

तर इकडची हकिगत. शाळेतल्या बिगरीच्या पोरांसाठी मी एक नाटक बसवलं. बसवलं म्हणजे काय, तुझ्या गजाचीच आवडती गोष्ट घेतली. उन्हाळ्यात माझ्याकडे राहिला होता, तेव्हा रात्री मी सांगत असलेल्या गोष्टीत राजकन्या रानात चुकली की हा अंथरुणातून उठून तिला वाट सांगायचा. गप पड म्हणून मी दटावायची, पण तेव्हाच मनात आलं होतं की अशी गोष्ट करावी, जी पोरांशिवाय पुढे सरकायचीच नाही. म्हणून राजकन्या मी, कारवीच्या कुडाआड. मी हाक मारायची, समोरच्या पोरांनी ओ द्यायची आणि आवाजाच्या रोखानं मी बाहेर यायचं. ओ आली नाही तर राजकन्या रानातच. हे पोरांना आधी सांगितलं नव्हतं, सांगून मजा काय राहिली?

नाटकाला वाडीवरची माणसंही आली होती. मी हाक मारली. एक पोर बोलेल तर शपथ. पुन्हा मारली. कुडाच्या फटीतून पाहते तर सगळी तोंडावर हात दाबून बसलेली, आणि जिजा नावाच्या ठाकराच्या पोरीनं तर शेजारच्या धाकट्याचं तोंड गच्च धरलेलं. मला रडूच आलं. गजा असता तर, असं वाटून गेलं. आता सगळ्यांना घरी धाडावं म्हणून उठले, पण पाय निघेना. आणखी एकदा हाक मारली. त्यात राजकन्येचा आवाजबिवाज काही नव्हता, माझाच होता. तर अख्खं अंगण ओ देत उठलं. पोरांनी कूड आडवा केला आणि मला हाताला धरून बाहेर ओढलं.

मागाहून जिजानंच मला समजावलं. बाई, रानातनं हाक आली तं लगेच ओ नाय द्यायची, भूत दोनदाच हाक मारतं, तिसऱ्यांदी मारली म्हंजी आपलं मानूस. इतकी वर्षं इथे काढून मला हे ठाऊक नव्हतं बघ.

वेणू, हे माझं तिसरं पत्र. मागे आले तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून राहिलीस, म्हणून आपणहून यायचा धीर होत नाही. गजाची आठवण मलाही फार येते गं. लांबलचक काही लिहू नकोस. कार्डावर नुसतं 'ओ' लिही आणि टपालात टाक. मी लोधिवलीला येते.

तुझीच,
अक्का