तुटली ११.०५, जोडली ११.०७

१ फेब्रुवारी २००३, शनिवार. दुपारी १.
विंडोज पुसलं. लिनक्स बसवलं. परळच्या या चाळीत, बहुधा साऱ्या परळात, हे करणारा मी पहिलाच. सीडी फ्लॉयडने दिल्या. तो बँकेत माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा, अजूनही बसतो. मी व्हीआरएस घेतली. आता वेळ आहे. बुद्धी आधीपासून होतीच.

२.१०. मोडेम गायला. फोनच्याच तारेवरून इंटरनेट लागलं. चार मिनिटांनी लाइन तुटली.
किरकोळ बाब. सोमवारपर्यंत सोडवतो.

संध्याकाळी समोरच्या खोलीतल्या रखमाबाईंची सीमा आली. नर्सिंग झालंय, पनवेलच्या एका नव्या हॉस्पिटलात मुलाखत दिलीय. निवड झाली तर दहा ते वीस तारखेच्या आत फोन येणार. फॉर्मवर आमचा नंबर टाकलाय, पुढे पी.पी., म्हणजे शेजाऱ्यांचा फोन. यात विचारायचं काय? सत्याऐंशी सालापासून आमचा फोन मजल्यावरच्या नऊ बिऱ्हाडांचा आहे. या फोनवर लग्नं जमली, माणसं गेल्याच्या बातम्या आल्या. ती म्हणाली, नानाकाका, फोन उचलला नाही तर पुढच्या नंबरवालीला बोलावतात. म्हटलं, वेडी आहेस. फोन मी स्वतः उचलीन.

३ फेब्रुवारी, सोमवार.
एक वही उघडली. पट्टीने रेघ मारून दोन रकाने: तुटली, जोडली. निदान करायचं तर नोंद हवी.
आज तुटली: ११.२०, १.४५, ४.००.
एक गोष्ट लक्षात आली. लाइन तुटली की लगेच कोणाचा तरी फोन येतो. एकदा पहिल्या खोलीतल्या दीपकचा साडू, एकदा राँग नंबर. माणूस आधीच त्रासात असतो. लोकांना वेळकाळ नाही.

४ फेब्रुवारी.
कारण सापडलं. दमट हवा. ताटात तांदूळ पसरून मोडेम त्यावर ठेवला. बकुळा म्हणाली, तो भात मी शिजवणार नाही. संशोधकांच्या बायका सगळीकडे अशाच असाव्यात.

५ फेब्रुवारी, ४.००.
तांदूळ असून तुटली. रोज चारला तुटतेच. त्याच वेळी स्वयंपाकघरातला जोडफोनही बिघडतो. बकुळा चारला अँटॉप हिलला बहिणीला, सुंदराबाईला, फोन लावते. आज आतून ओरडली, अहो, फोनमध्ये मांजर अडकलंय. म्हणजे दोन वेगळे बिघाड. एकत्र केले की निदान चुकतं. तिला तसं सांगितलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार.
फ्लॉयड आला. वही वाचली. हसत सुटला. म्हणाला, नाना, मॅन, तुझी बायको रिसीव्हर उचलते नि तुझी लाइन मरते. मांजर म्हणजे तुझा मोडेम. मलाही हाच संशय होता, फक्त दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा होता. जोडफोन काढून माळ्यावर टाकला. रात्रीच्या आमटीत मीठ नव्हतं.

जाताना दारात फ्लॉयड म्हणाला, आणि ते कॉल वेटिंग आहे ना तुझ्याकडे, बाहेरून कोणी फोन केला की... मी त्याला तिथेच थांबवलं. एका भेटीत एकच मुद्दा. नाहीतर माणूस डोक्यावर बसतो. शिवाय कॉल वेटिंग ही साधी सोय आहे. आपण बोलत असताना दुसऱ्याचा फोन आला की कानात टुकटुक होतं. डिसेंबरात बकुळाने हौसेने घेतली. मोडेम कुठे कोणाशी बोलत असतो?

१० फेब्रुवारी, सोमवार.
लाइन तुटली पाच वेळा. बाहेरून फोन आले पाच. योगायोग.
संध्याकाळी सीमा. नानाकाका, माझा काही? नाही. अजून दहा दिवस आहेत. मी बसलोय ना.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ११.
साक्षात्कार. सेटिंगच्या फाइलीत एकच शब्द घालायचा: पर्सिस्ट. म्हणजे चिकाटी. लाइन तुटली की यंत्र आपणहून पुन्हा डायल करतं. माणसाने हातही लावायचा नाही. मध्ये किती थांबायचं तेही सांगता येतं. तीस सेकंद लिहिलेले होते. कोण आळशी माणूस हे ठरवतो? मी एक केला.

११.४०. तुटली. ११.४२. जोडली! मी फक्त बघत होतो.
नाचलो. बकुळा म्हणाली, पंखा लागेल.

१५ फेब्रुवारी, शनिवार.
चिकाटीचा एक फायदा मी धरलाच नव्हता. फोनचा त्रास थांबला. घंटी अर्धी वाजते, तेवढ्यात मोडेम झडप घालतो. फोन करणारे काय ते समजून ठेवून देतात. मजला इतका शांत कधी नव्हता. दीपक विचारत होता, आठवडाभर साडूचा फोन कसा नाही. सांगितलं, माणसं बदलतात.

या पद्धतीवर पुस्तक लिहायचं ठरवलं. नाव: लिनक्स आणि चिकाटी. आज मुखपृष्ठ आणि अर्पणपत्रिका झाली.

१७ फेब्रुवारी, सोमवार.
तुटली ११.०५, जोडली ११.०७.
तुटली ११.२०, जोडली ११.२२.
तुटली १२.१०, जोडली १२.१२.
तीन हल्ले. तिन्ही परतवले. अकरापासून फोनपासून हातभर अंतरावर बसून होतो, जागचा हललो नाही. सीमाला तसं सांगितलं. पूर्ण असा एकही वाजला नाही म्हटलं. तिचा चेहरा उतरला. मी म्हटलं, चिकाटी हवी.

२० फेब्रुवारी, गुरुवार.
शेवटची तारीख. फोन नाही. रखमाबाई दारात आल्या, बसल्या नाहीत. म्हणाल्या, पोरगी सकाळपासून जेवली नाय. मलाही वाईट वाटलं. एवढं मोठं हॉस्पिटल, साधा फोन करता येत नाही? त्यांना कडक पत्र लिहिणार आहे. ई-मेलने. आपली लाइन उत्तम आहे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळी ६.
पत्र जायचं राहिलं ते बरं झालं.
सीमा आज स्वतःच पनवेलला गेली. परत आली ती थेट माझ्यासमोर उभी. तिथल्या क्लार्कने तिला रजिस्टर दाखवलं. सतरा तारखेला तीनदा फोन केला होता. तिन्ही वेळा कोणीतरी उचलला, आकडे वाजवले आणि कानात शिट्टी मारली. शेरा लिहिलाय: घरचे टवाळ. पुढच्या नावाला सोमवारी दुपारी बोलावणार.

मी म्हटलं, चुकून दुसराच नंबर लागला असेल. ती म्हणाली, वही द्या. तिच्या हातात रजिस्टरातून उतरवलेली चिठ्ठी होती. ११.०५. ११.२०. १२.१०. एकेका आकड्यावर बोट ठेवत गेली. मी मोडेमकडे बघत राहिलो. तेवढ्यात त्याचे दिवे विझले, फोन अर्धा वाजला आणि गप्प झाला.
सीमा म्हणाली, घ्या, काका. मारली तुम्ही शिट्टी.

फ्लॉयडने मुद्दा नीट मांडायला हवा होता.

२२ फेब्रुवारी, शनिवार.
सीमाला माझ्या सहीचं पत्र हवंय, सोबत वही. पहिल्या मसुद्यात चिकाटीवर दोन पानं होती. तिने आडवी रेघ मारली. दुसऱ्यात एक पान. रेघ. शेवटी उरलं ते असं: शिट्टी माझ्या यंत्राने मारली. उमेदवाराचा दोष नाही. वेळा सोबतच्या वहीत आहेत. मी टवाळ नाही. बकुळाने वाचून सांगितलं, शेवटचं वाक्य काढा, खोटं पकडलं जाईल. काढलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार.
सकाळपासून काही सुचलं नाही. मशीन सुरूच केलं नाही.
५.३०. सीमा पेढे आणि वही घेऊन आली! मेट्रनने वही आणि रजिस्टर शेजारी शेजारी ठेवलं. मिनिटाला मिनिट जुळलं. बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. तीन तारखेला हजर व्हायचंय.
माझी नोंदीची पद्धत कामी आली. मी तसं म्हणालोही. रखमाबाईंनी मला पेढा दिला. अर्धा.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार.
काल गॅलरीत मजल्याची बैठक झाली. मी तांत्रिक खुलासा तयार ठेवला होता. कोणी विचारला नाही. फोन वायरीसकट रखमाबाईंच्या खोलीत न्यायचं ठरलं. हात वर करून. बकुळाने दोन्ही केले. मला फॉर्म भरताना आता स्वतःच्याच नंबरापुढे पी.पी. लिहायला लागणार.

आज सकाळी तिथे दीपकच्या साडूचा फोन आला. घंटी पूर्ण वाजली. सगळा मजला धावला, मीही.
चारला बकुळा समोर गेली, सुंदराबाईशी बोलायला. साडेपाच झाले, अजून आली नाही.

मोडेम तांदळावर आहे. हवा कोरडी आहे. वही भरली.
तुटली: एकदाही नाही. महिन्यातला पहिला निर्दोष दिवस.
जोडलीचा रकाना रिकामा सोडला.